दवाखान्याचा उंबरठा : सार्वजनिक पैसा आणि आपला हक्क

आरोग्यावर सरकारने किती खर्च करावा, हा वाद आपल्याकडे अर्थशास्त्रज्ञ आणि डॉक्टर यांनी आपसांत वाटून घेतलेला आहे. एकाच्या हातात राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीची पट्टी असते, दुसऱ्याच्या हातात खाटांची आणि यंत्रांची यादी. ज्या माणसाला त्या खाटेवर निजायचे आहे, त्याला या वादात साक्षीदार म्हणूनसुद्धा कोणी बोलावीत नाही. आणि आपणही आपणहून गेलेलो नाही, हे मान्य केले पाहिजे. शिक्षण, राखीव जागा, जमीन आणि अत्याचार या प्रश्नांवर दलित लेखकांनी जेवढे लिहिले, त्याच्या शतांशानेही दवाखान्यावर लिहिलेले नाही. याची कारणे समजण्यासारखी आहेत. शाळेने घडवलेला माणूस चारचौघांत दिसतो. दवाखान्याने वाचवलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कामावर जातो. त्याचा सत्कार कोणी करीत नाही.

मी इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. त्यामुळे कोणत्याही योजनेचा कागद हातात आला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की या दारातून आमच्या माणसाला आत घेताना कोणत्या नात्याने आत घेतील? याचक म्हणून, गिऱ्हाईक म्हणून, की या देशाचा नागरिक म्हणून? दवाखान्याचा खर्च कोण करतो, यावर या प्रश्नाचे उत्तर फार मोठ्या प्रमाणावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात मला एवढेच दाखवायचे आहे.

१

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. हा ठराव आपल्या चळवळीच्या इतिहासात पाण्याचा ठराव म्हणून ओळखला जातो. त्याच ठरावाच्या आधाराने महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा निर्णय घेतला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. महाडचे पाणी इतके तेजस्वी ठरले की त्या ठरावातील बाकीचे शब्द त्याच्या प्रकाशात दिसेनासे झाले.

ते शब्द पुन्हा वाचले पाहिजेत. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, एवढ्यावर ठराव थांबत नाही. सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. १९२३ साली कायदे कौन्सिलाला दवाखान्यासाठी ठराव करावा लागतो, याचा अर्थ सरळ आहे. दवाखाना होता, डॉक्टर होता, औषध होते आणि आपल्या माणसाला तेथे मज्जाव होता.

या ठरावाच्या मुळाशी असलेला युक्तिवाद अत्यंत साधा आहे. पैसा सर्वांचा, म्हणून वापर सर्वांचा. येथे धर्मशास्त्राचा आधार घेतलेला नाही, दयेची याचना केलेली नाही, अंतःकरणपरिवर्तनाची वाट पाहिलेली नाही. हिशेबाच्या वहीतून हक्क काढलेला आहे. हा युक्तिवाद आपल्याला नवा नव्हता. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी हाच मुद्दा शिक्षणाच्या संदर्भात मांडला होता. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गाच्या शिक्षणाला मिळतो, ही उलटी व्यवस्था त्यांनी सरकारपुढे उघडी केली. बोल्यांच्या ठरावाने तेच सूत्र विहिरीला, कचेरीला आणि दवाखान्याला लावले. तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९२६ रोजी, बोल्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हा हक्क नाकारतील त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे पैशातून हक्क काढायचा आणि हक्क नाकारणाऱ्याचा पैसा तोडायचा. सरकारने आरोग्यावर खर्च का करावा, या प्रश्नाला आपल्या समाजाने दिलेले हे पहिले राजकीय उत्तर आहे, असे मला वाटते.

२

सार्वजनिक पैसा नसेल तेव्हा काय असते, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईतील पहिली मोठी रुग्णालये दानशूरांच्या पैशावर उभी राहिली. जे. जे. रुग्णालय १८४५ साली उभे राहिले ते सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून आणि सरकारने घातलेल्या तेवढ्याच रकमेतून. दानाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्या रुग्णालयाने असंख्य गरिबांना जगवले आहे. परंतु दानाचा स्वभावच असा आहे की देणारा अटी ठरवतो आणि घेणारा हात जोडतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि या व्यवस्थेची परीक्षा झाली. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. घरांची झडती, रोग्यांना सक्तीने हलवणे, सामान जाळणे हे प्रकार सुरू झाले. लोक सरकारी रुग्णालयाला रोगापेक्षा जास्त भिऊ लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता, तो याच भीतीतून. या विरोधाला उतारा म्हणून सरकारने निरनिराळ्या जातींना व धर्मसमुदायांना आपापली प्लेग रुग्णालये काढू दिली. पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. त्यात टिळकांचा पुढाकार होता.

जातवार रुग्णालयाचे अर्थशास्त्र ध्यानात घ्यावे. ज्या जातीकडे शेठ आहेत, तिच्याकडे वर्गणी आहे. जिच्याकडे वर्गणी आहे, तिच्याकडे खाटा आहेत. ज्या जातीकडे फक्त हात आहेत, तिने काय करावे? मुंबईत घरोघरीचा मैला उचलण्यासाठी नगरपालिका मालमत्ताधारकांकडून ‘हलालखोर कर’ घेत असे. कर भरणाऱ्याचे नाव वहीत होते. ज्याच्या डोक्यावरून ती घाण शहराबाहेर जात होती, त्याची जात तेवढी त्या कराच्या नावात होती. शहराचे आरोग्य ज्यांच्या श्रमावर उभे होते, त्यांच्यासाठी रुग्णालय काढायला त्यांच्यात कोणी शेठ नव्हता.

याच साथीत पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात एक दवाखाना चालला. सावित्रीबाईंच्या सांगण्यावरून डॉ. यशवंत फुले यांनी तो सुरू केला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण दरवर्षी हे स्मरण करतो आणि त्यागाला वंदन करून घरी जातो. मी वर्गात मुलांना एक प्रश्न विचारतो. त्या मुलाला आणायला सरकारची गाडी का आली नव्हती? साथीचा कायदा होऊन महिना उलटला होता. लोकांच्या घरात घुसायला सरकारकडे शिपाई होते. महारवाड्यातून एक आजारी पोर उचलून आणायला मात्र सहासष्ट वर्षांच्या बाईची पाठ लागली.

प्लेगच्या या प्रकरणातून दोन धडे मिळतात आणि दोन्ही एकदम लक्षात ठेवले पाहिजेत. जातीच्या आणि दानाच्या दवाखान्यात आपल्याला जागा नाही. पण नुसते सरकारी असणेही पुरेसे नाही. ज्या सरकारवर आपला ताबा नाही, ते दवाखान्याचासुद्धा तुरुंग करू शकते.

३

यावर कोणी म्हणेल की दान नको, सरकारही नको; रोख पैसे मोजावेत आणि सेवा घ्यावी. पैशाला जात नसते. हा विचार आज आपल्या नोकरदार वर्गात बराच मूळ धरून आहे, म्हणून त्याची तपासणी करणे भाग आहे.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. त्या शिक्षकाचे पत्र ‘यंग इंडिया’च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात छापले गेले होते. बाळंत झालेली त्याची बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा डॉक्टर निघाला. तोही बाईला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. दोन दिवसांच्या बाळंतिणीला बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात काच पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले. बाईला त्याने हात लावला नाही. ती बाई वाचली नाही.

या हकीकतीत अस्पृश्यतेचे क्रौर्य सर्वांनाच दिसते. मला त्यात दोन रुपयेही दिसतात. फीची हमी मिळालेली होती. व्यवहाराच्या नियमाने पाहिले तर तो शिक्षक पूर्ण गिऱ्हाईक होता. तरीही त्याला विकत मिळाले ते फक्त निदान. स्पर्श मिळाला नाही. तो डॉक्टर कोणाला जबाबदार होता? कोणालाच नाही. त्याला नोकरीवरून काढणारे कोणी नव्हते, अनुदान तोडणारे कोणी नव्हते. बोल्यांच्या दुसऱ्या ठरावातील चाबूक खासगी डॉक्टरच्या पाठीवर पडू शकत नव्हता. पैशाला जात नसेल. पैसे घेणाऱ्याला असते.

४

बाबासाहेबांची या प्रश्नावरील भूमिका आपण तुकड्यातुकड्यांनी वाचतो, म्हणून तिची सलगता हरवते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर ते बोलले. बाळंतपणाच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांच्या हिताचे रक्षण ही मुख्यतः सरकारची जबाबदारी आहे, असे त्यांनी मांडले. मात्र स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवणारा मालकही या जबाबदारीतून सुटू शकत नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले. १९२९ साली हा कायदा मुंबई इलाख्यात झाला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दीत मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना करण्याचे काम सोपवले गेले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरायची, आणि कामगाराला उपचार व आजारपणातील पगार हक्काने मिळायचा. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली.

या कायद्याचे मोल मी कमी लेखत नाही. गिरण्यांत आमच्या लोकांना विणकामाच्या खात्यात घेत नसत. धोट्यात सूत ओढताना ते तोंडाने शोषावे लागे आणि आमच्या ओठांनी सूत विटाळे. तोच माणूस पुढे ई.एस.आय.चे कार्ड घेऊन रांगेत उभा राहिला, तेव्हा त्या रांगेत सवर्ण विणकर त्याच्या पुढे नव्हे, त्याच्या मागेही उभा होता. ही लहान गोष्ट नव्हती.

पण या कायद्याची कक्षा पाहा. वर्षभर चालणारा, वीज वापरणारा, ठरावीक संख्येने कामगार असलेला कारखाना आत. हंगामी कारखाने बाहेर आणि शेतमजूर तर पूर्णच बाहेर. साखर कारखाना हंगामी, म्हणून तोही बाहेर. गिरणीतला भाऊ आत राहिला, गावाकडचा भाऊ बाहेर राहिला. दलित समाजाचा फार मोठा भाग तेव्हा शेतमजुरीवर जगत होता. ज्याची नोकरी पक्की, त्याचे आरोग्य पक्के. ज्याची मजुरी रोजची, त्याचे मरणही रोजचे. वर्गणीवर आधारलेल्या प्रत्येक योजनेची ही मर्यादा आहे. वर्गणी कापायला आधी पगार लागतो.

५

त्या उरलेल्या भावासाठी दुसरा कागद तयार होत होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली गेली. १९४६ साली तिचा अहवाल आला. त्या वेळी या देशात सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि सुमारे ४३,००० माणसांमागे एक परिचारिका होती. जन्मलेल्या हजार मुलांपैकी १६२ पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. समितीने तत्त्व सांगितले ते असे, की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेला मुकता कामा नये. सेवा सरकारने चालवावी, डॉक्टर पगारी असावेत, ग्रामीण भागावर भर असावा, आणि सुरुवातीला ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. गावोगावी आरोग्य समित्या असाव्यात, असेही तिने सुचवले.

१९४८ च्या जुलैत इंग्लंडने डॉक्टरांचा विरोध पत्करून करांच्या पैशावरील राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. आपल्याकडे भोर अहवालाचा गौरव झाला आणि तो कपाटात गेला. राज्यघटनेत आरोग्य अनुच्छेद ४७ मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून आले. रुग्णालये व दवाखाने राज्यसूचीत गेले. ऑक्टोबर १९५२ पासून सामूहिक विकास योजनेत आरोग्य केंद्रे निघाली, पण ती सुमारे शंभर गावांच्या गटाला एक या हिशेबाने. भोर समितीने मागितलेल्या भाकरीचा हा चतकोर होता.

मात्र एका बाबतीत नवे राज्य बोल्यांच्या ठरावाच्या पुढे गेले. सरकारी निधीतून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते व सार्वजनिक जागा कोणालाही जातीच्या कारणावरून नाकारता येणार नाहीत, हे अनुच्छेद १५ मध्ये आले. १९२३ चे सूत्र तेथे घटनेची भाषा बोलते. आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, जनतेसाठी असलेल्या रुग्णालयात वा दवाखान्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला.

कायदा झाला, उंबरठा मात्र जागचा हलला नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया’ या ग्रंथात ११ राज्यांतील ५६५ गावांच्या पाहणीचे निष्कर्ष आहेत. सुमारे ३३ टक्के गावांत सार्वजनिक आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला नकार देत, असे त्यात आढळले. म्हणजे काठेवाडातील डॉक्टर मेला नाही; त्याने सरकारी नोकरी धरली. पण एक फरक आहे, आणि माझ्या मते तो निर्णायक आहे. त्या काठेवाडी डॉक्टरविरुद्ध त्या शिक्षकाला फक्त वर्तमानपत्राला पत्र लिहिता आले. सरकारी कर्मचाऱ्याविरुद्ध अर्ज करता येतो, मोर्चा नेता येतो, निवडून दिलेल्या माणसाच्या दारात बसता येते, न्यायालयात जाता येते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेच्या प्रकरणात हेच सांगितले. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. तातडीचा उपचार नाकारणे हा जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असा निर्णय झाला. तो दावा लढवता आला, कारण प्रतिवादी सरकार होते.

६

१९९० नंतर वारे फिरले. सरकारी रुग्णालयांत सेवाशुल्क आले आणि खासगी रुग्णालये वाढत गेली. मग सरकारच्या पैशाला नवी वाट काढून दिली गेली. सरकारने दवाखाना चालवण्याऐवजी गरिबाचा विमा उतरवावा आणि गरिबाने खासगीत जावे. २०१२ साली महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. दीड लाखापर्यंतच्या ठरावीक शस्त्रक्रिया व उपचार तीत होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१८ साली केंद्राची पाच लाखांची योजना आली. २०२३ साली राज्य सरकारने आपली योजनाही सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि रक्कम पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला.

या योजनांनी हृदयाच्या आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया झालेली माणसे माझ्या नात्यात आहेत. ते श्रेय मी नाकारणार नाही. परंतु या योजनेत आपले नाते कोणते, ते पाहावे. येथे आपण ‘लाभार्थी’ असतो. काही वर्षांपूर्वी माझे वडील आजारी पडले. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयाच्या दारावर योजनेचा फलक होता, खिशात पिवळे रेशनकार्ड होते. आत सांगितले गेले, की हा आजार यादीत बसत नाही. अनामत भरा, नाहीतर दुसरीकडे न्या. आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. तेथे खाट नव्हती, जमिनीवर गादी मिळाली. दोन इंजेक्शने बाहेरून आणायला चिठ्ठी दिली. पण परत जा असे कोणी म्हटले नाही. केसपेपरवर नाव लिहिले गेले, आणि रात्री पाळीवरची नर्सबाई दर दोन तासांनी येऊन पाहत होती. ज्या दारावर पाटी होती तेथे हक्क नव्हता. जेथे हक्क होता तेथे खाट नव्हती. आजच्या धोरणाचा सारांश मला या एका वाक्यात सापडतो. खाटेचा पैसा पाटीकडे वळला आहे.

माझे एक सहकारी, तेही आपल्याच समाजाचे, मला म्हणतात, ‘सर, सरकारी दवाखान्यात आडनाव वाचून तोंड वाकडे करतात. खासगीत निदान नोट पाहून हसतात.’ त्यांचा अनुभव खोटा नाही. पगारदार माणसाला नोटेमागे लपता येते. पण ज्याच्याकडे नोट नाही आणि सरकारी दवाखानाही दूर आहे, त्याच्याकडे पाहून बाजार कसा हसतो, ते बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे २०१९ साली बाहेर आले. तीन वर्षांत त्या जिल्ह्यात अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती सरकारला विधिमंडळात द्यावी लागली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. या बायकांत आपल्या आहेत, वंजारी आहेत, भटक्या जमातींच्या आहेत. फडात पाणी नाही, शौचाला आडोसा नाही, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पोटात दुखू लागले की जवळचा खासगी डॉक्टर भीती घालतो आणि पिशवी काढून मोकळा होतो. १९४८ च्या कायद्याने हंगामी म्हणून साखर कारखाना बाहेर ठेवला आणि फडातला मजूर कधीच आत घेतला नाही; त्याची किंमत सत्तर वर्षांनी कोणी, शरीराच्या कोणत्या अवयवाने चुकवली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवले पाहिजे.

७

फुकटाला किंमत नसते, असा एक आक्षेप नेहमी येतो. मुळात हे फुकट आहे हेच खोटे आहे. काडेपेटी, साबण, मोबाइलचे रिचार्ज या प्रत्येकावर आपण कर भरतो. १८८२ साली जोतीरावांनी जो हिशेब मांडला, तो आजही तसाच मांडता येतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता, तोही महामारीच्या काळात. एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून केला. खिसा रिकामा असलेल्या माणसाचा खर्च यात धरलेला नसतो, कारण तो दवाखान्यात गेलेलाच नसतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. या निर्णयाचे मी स्वागत करतो. केसपेपरचे शुल्क गेले हे चांगले झाले. आता केसपेपरच्या पलीकडे डॉक्टर, औषध आणि खाट असली पाहिजे. नाहीतर रिकाम्या विहिरीवरचा मज्जाव उठवण्यासारखे होईल.

आपल्या चळवळीने या प्रश्नात उतरायचे तर बोल्यांच्या दोन ठरावांची जोडीच पुन्हा हाती घ्यावी लागेल. पहिला ठराव सांगतो की पैसा सार्वजनिक असला पाहिजे, कारण त्यातूनच आपला हक्क निघतो. सरकारचा पैसा आधी सरकारी दवाखान्यात गेला पाहिजे. खासगी रुग्णालयाला तो दिलाच, तर ‘अंशतः सरकारी निधीतून चालणारी जागा’ म्हणून सार्वजनिक जागेची सारी बंधने त्यालाही लागू झाली पाहिजेत. दुसरा ठराव सांगतो की हक्क नाकारणाऱ्याचे अनुदान तुटले पाहिजे. ज्या उपकेंद्राची परिचारिका वस्तीत येत नाही, ज्या योजनेतील रुग्णालय पिवळे कार्ड पाहून माणूस परत पाठवते, त्याचा हिशेब ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत मागितला गेला पाहिजे. या समित्या कागदावर आहेत. त्यांत आपली माणसे कोण आहेत, त्यांची बैठक शेवटची केव्हा झाली, एवढे जरी प्रत्येक गावातील शिकलेल्या तरुणाने विचारले, तरी सुरुवात होईल.

चवदार तळ्यावर आपले लोक गेले तेव्हा त्यांना तहान भागवायची नव्हती, हे बाबासाहेबांनी स्पष्टपणे सांगितले होते. दवाखान्याच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. येथे तहानही खरी आहे आणि हक्कही खरा आहे. म्हणूनच पाण्याच्या ठरावातील तो विसरलेला शब्द आता पुढे आणण्याची वेळ झाली आहे.